थर्ड पार्टी लेन्सचा ऑटोफोकस : कॅलिब्रेट करावी, सर्व्हिसला द्यावी की सरळ विकावी?

रानवाट
नमस्कार मंडळी,
मागच्या हिवाळ्यात १५०-६०० एमएमची एक थर्ड पार्टी (म्हणजे कॅमेरा कंपनीची नसलेली) लेन्स घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही कंपनी वाईट, ती चांगली' यावर जातो आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. बॉडी निकॉन डी७२००.

३०० एमएमपर्यंत काही तक्रार नाही. ६०० ला गेलं की गडबड. भिगवणला होडीतून काढलेले फोटो घरी येऊन मोठे करून पाहिले तर चित्रबलाकाच्या डोळ्याऐवजी त्याच्या अलीकडचं गवत शार्प. बरं सगळेच तसे असते तर कळलं असतं, पण एकाच बर्स्टमधला (सलग काढलेल्या फोटोंमधला) एखादा फोटो कडक येतो, पुढचा परत मऊ. याच बॉडीवर निकॉनचीच ७०-३०० लावली की सगळं व्यवस्थित, म्हणजे बॉडीत काही दोष असावा असं वाटत नाही.

आता तीन रस्ते दिसतायत: बॉडीतलं एएफ फाइन-ट्यून (ऑटोफोकस पुढे-मागे सरकवायची मेनूतली सोय) वापरायचं, लेन्स कंपनीचा यूएसबी डॉक (लेन्स कॉम्प्युटरला जोडून तेच करायचं साधन) घ्यायचा, किंवा लेन्स विकून निकॉनची २००-५०० घ्यायची. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी अनुभव लिहा प्लीज. पैसे वाया घालवायचे नाहीयेत.

लग्नफोटो_मिरज
विका. आम्ही लग्नाचं काम करतो, सात फेरे परत होत नाहीत. माझ्याकडे एक थर्ड पार्टी ८५ होती, एफ/१.४ वर (ॲपर्चर पूर्ण उघडं) काय सुंदर यायची, पण मंगलाष्टकं चालू असताना मंडपातल्या दिव्यात कधी डोळा कधी कान. आता सगळ्या लेन्स बॉडीच्याच कंपनीच्या. जास्त पैसे गेले पण झोप लागते.

टकमक
लाइव्ह व्ह्यूमध्ये (व्ह्यूफाइंडरऐवजी मागच्या स्क्रीनवर बघून) शार्प येते का ते आधी सांगा. बाकी सगळं नंतर.

खंड्या
टकमक यांचा प्रश्न एकदम योग्य जागी आहे, तोच जरा फोडून सांगतो, कारण बरेच लोक ही पायरी सोडून थेट डॉक विकत घेतात.

डीएसएलआरमध्ये फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा आणि फोटो टिपणारा वेगळा. मुख्य आरसा थोडा पारदर्शक असतो, त्यातून काही प्रकाश आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावरून खाली वळतो आणि मिरर बॉक्सच्या तळाशी असलेल्या एएफ सेन्सरवर पडतो. तो सेन्सर लेन्सच्या दोन बाजूंकडून आलेल्या प्रतिमांमधला फरक मोजून लेन्सला सांगतो की एवढं पुढे सरक किंवा एवढं मागे. हे गणित जुळायला एएफ सेन्सरपर्यंतचं अंतर आणि इमेज सेन्सरपर्यंतचं अंतर अगदी सारखं लागतं. कारखान्यातून येताना बॉडीत थोडा फरक चालवून घेतलेला असतो, लेन्समध्येही असतो. दोघांचे फरक एकमेकांना छेद देणारे निघाले तर तुम्ही नशीबवान, एकाच दिशेचे निघाले तर फ्रंट फोकस (अलीकडे पडणारा) नाहीतर बॅक फोकस (पलीकडे पडणारा). लाइव्ह व्ह्यूमध्ये डी७२०० सारखी बॉडी इमेज सेन्सरवरचाच कॉन्ट्रास्ट बघते, तिथे हा आरशांचा भाग येतच नाही. म्हणून लाइव्ह व्ह्यूचा फोटो हा आपला मापदंड.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या वर्णनात दोन वेगळे त्रास एकत्र झालेत. एक म्हणजे फोकस कायम अलीकडे पडणं. दुसरा म्हणजे दरवेळी वेगळीकडे पडणं. घड्याळ रोज पाच मिनिटं मागे असेल तर काटे सरकवून काम भागतं, पण कधी पाच मागे आणि कधी तीन पुढे असेल तर काटे कितीही सरकवा, उपयोग नाही. फाइन-ट्यून काय किंवा डॉक काय, दोन्ही फक्त काटे सरकवतात. त्यामुळे यातलं आपल्याकडे कुठलं किती आहे हे आधी मोजायचं.

मोजायचं असं: भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि पानाला अगदी समोरासमोर. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. अंतर फोकल लेंग्थच्या (लेन्सच्या एमएम आकड्याच्या) निदान २५ पट, म्हणजे ६०० साठी १५ मीटर. सोसायटीची गच्ची चालेल, पण सकाळी सावलीत, तापलेल्या स्लॅबवर नको. एएफ-एस (एकदाच फोकस धरणारा मोड), मधला एकच पॉइंट, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग फिरवून फोकस पूर्ण घालवा, एकदा जवळच्या बाजूला, एकदा लांबच्या बाजूला. असे दहा-बारा फोटो व्ह्यूफाइंडरमधून, तेवढेच लाइव्ह व्ह्यूमध्ये. मग कॉम्प्युटरवर १०० टक्के करून शेजारी ठेवून बघा.

व्ह्यूफाइंडरचे सगळे एकसारखे मऊ आणि लाइव्ह व्ह्यूचे सगळे कडक असतील तर केस सोपी, कॅलिब्रेशनने सुटेल. व्ह्यूफाइंडरचे काही कडक काही मऊ, तर आकडे बदलून काही होणार नाही. आणि लाइव्ह व्ह्यूमध्येही मऊ असेल तर प्रश्न फोकसचा नाहीच, लेन्सच्या काचांचा आहे, सरळ सर्व्हिस किंवा बदली.

चिमणचारा
मी हे सगळं पट्टी ४५ अंशात ठेवून केलं होतं, शाळेतली ३० सेंटीमीटरची. १५ च्या आकड्यावर फोकस करायचा आणि बघायचं पुढचे आकडे शार्प की मागचे. त्याला काय हरकत आहे? एका फोटोत उत्तर मिळतं की.

खंड्या
चिमणचाराताई, पट्टी फोकस कुठे पडला ते दाखवायला उत्तम, पण फोकस पट्टीवरच करू नका. व्ह्यूफाइंडरमध्ये जो छोटा चौकोन दिसतो त्यापेक्षा खरा एएफ सेन्सर मोठा असतो. तिरक्या पट्टीवर त्याला १५ पण दिसतो, १३ पण आणि १७ पण, आणि त्याला जिथे कॉन्ट्रास्ट जास्त मिळेल ते तो धरतो. मग लेन्स बरोबर असूनही आपण उगाच प्लस-मायनस करत बसतो. सपाट टार्गेट कॅमेऱ्याला समांतर उभं करा आणि पट्टी त्याच्या बाजूला तिरकी लावा. लेन्सअलाइनसारखी विकत मिळणारी साधनं असतात ती हीच कल्पना वापरतात.

चिमणचारा
अच्छा! म्हणजे टार्गेट वेगळं आणि मोजपट्टी वेगळी. पटलं. रविवारी परत करते.

गोंयकार_फोटो
एक साधी गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे गोव्यात चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ महिने दमट. चोडणला खारफुटीत होडीतून फिरायचं म्हणजे खारा वारा. लेन्सच्या मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट मळले की फोकस मध्येच अडकतो, कधी ॲपर्चरची चूक दाखवतो. मऊ सुती कपड्यावर जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कॉन्टॅक्ट पुसा, बॉडीकडचेही, हलक्या हाताने. आणि पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावला असेल तर चाचणीआधी काढा. ६०० एमएमला साधा फिल्टर सगळी धार घालवतो, मग दोष बसतो ऑटोफोकसच्या माथी.

रानवाट
फिल्टर नाहीये, कॉन्टॅक्ट पुसतो. शनिवारी गच्चीवर चाचणी करून लिहितो.

लग्नफोटो_मिरज
तुम्ही करा चाचण्या. पण माझा मूळ मुद्दा तोच, या कंपन्या माउंटची (बॉडी आणि लेन्सच्या जोडाची) भाषा चोरून ऐकून लेन्स बनवतात, मग बॉडीला ती पूर्ण कळणार कशी?

प्रकाशछाया
चोरून काही नाही हो दादा, रिव्हर्स इंजिनिअरिंग आहे ते. पण मुद्दा अर्धा बरोबर. कॅनन-निकॉनने डीएसएलआर माउंटची माहिती बाहेर दिली नव्हती, मग यांनी बॉडी आणि लेन्समधली बोलणी मोजून तशीच नक्कल केली. नवीन बॉडी आली की कधीकधी ती नक्कल कमी पडते. निकॉनची डी५३०० आली तेव्हा, २०१३ मध्ये, सिग्माने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या काही लेन्स तिच्यावर नीट चालणार नाहीत, फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) बदलावं लागेल. फिल्मच्या काळातल्या काही जुन्या थर्ड पार्टी लेन्स तर डिजिटल कॅननवर लावल्या की एरर दाखवतात.

डॉकचा अर्धा फायदा मला तिथेच वाटतो. पूर्वी फर्मवेअर बदलायला लेन्स सर्व्हिस सेंटरला पाठवून आठवडेच्या आठवडे वाट बघायची, आता घरी बसून होतं. सिग्माचा डॉक २०१३ मध्ये आला, त्यांच्या आर्ट, कंटेम्पररी, स्पोर्ट्स या मालिकांसाठी. टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल त्यानंतर. घेण्याआधी एक बघा, टॅमरॉनची पहिली १५०-६०० टॅप-इनला चालत नाही, जी२ (दुसरी आवृत्ती) चालते. सिग्माच्याही जुन्या, या मालिकांच्या आधीच्या लेन्स डॉकला चालत नाहीत. आणि दोन्ही कंपन्यांचं साधन माउंटप्रमाणे वेगळं मिळतं.

फ्रेमबाहेर
बॉडीत फाइन-ट्यून असताना डॉक कशाला? दोन्हीकडे वीस प्लस वीस मायनसच तर आहे.

प्रकाशछाया
फरक झूममध्ये आहे. डी७२०० मध्ये एका लेन्सला एकच आकडा, तोच १५० ला आणि तोच ६०० ला. रानवाट यांचं ३०० पर्यंत व्यवस्थित आहे, म्हणजे ६०० साठी प्लस १० दिलं की ३०० बिघडणार. कॅननच्या ५डी मार्क ३ सारख्या बॉडीत वाइड आणि टेलीला (झूमच्या दोन टोकांना) वेगळे आकडे देता येतात, तरी मधलं अंदाजेच. सिग्माच्या डॉकमध्ये झूमला चार फोकल लेंग्थ आणि प्रत्येकीला चार अंतरं, म्हणजे सोळा आकडे. टॅप-इनमध्येही अंतराप्रमाणे वेगळं देता येतं.

शिवाय अंतराचा मुद्दा फार लोक विसरतात. ५० एमएम दीड मीटरवर बरोबर आणि दहा मीटरवर चुकणारी असू शकते. बॉडीतला एकच आकडा तिथे हतबल.

सावळा_मेघ
माझ्याकडे कॅनन ६०डी आहे. मेनू पालथा घातला, मायक्रोॲडजस्टमेंट (कॅननचं फाइन-ट्यून) सापडत नाही??

प्रकाशछाया
सापडणार नाही, नाहीच आहे. ५०डी ला होतं, ६०डी मध्ये काढलं, ७०डी मध्ये परत दिलं. निकॉनमध्येही डी३००० आणि डी५००० या ओळीतल्या बॉडींना फाइन-ट्यून नाही. अशांना डॉक हाच घरगुती मार्ग, किंवा बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिसला देणं.

निवांत_पुणे
'दोन्ही एकत्र' याला अधोरेखित करा. मी फक्त लेन्स पाठवली होती एका अधिकृत सेंटरला (नाव नको). परत आली, सोबत कागद, 'लेन्स विनिर्देशानुसार योग्य'. त्यांच्या बेंचवर त्यांच्या बॉडीवर ती योग्यच असणार हो! माझ्या बॉडीवर परत तेच. दुसऱ्यांदा बॉडीसकट दिली, सोबत नमुन्याचे फोटो, कुठल्या पॉइंटवर फोकस केला ते लिहून. तेव्हा काम झालं. भारतातलं बिल आणि वॉरंटी कार्ड नसेल तर हे सगळं स्वतःच्या खर्चाने, त्यामुळे थोडं स्वस्त मिळतंय म्हणून बिनबिलाची लेन्स घेऊ नका.

एडिसनचा_मराठी
इथे न्यू जर्सीत आमच्या ग्रुपमध्ये हा विषयच संपला, सगळे मिररलेसवर गेले. फोकस सेन्सर आणि इमेज सेन्सर एकच, आरसाच नाही तर आरशाचा फरक कुठून येणार. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच इतर कंपन्यांना खुली केली, त्यामुळे टॅमरॉन-सिग्माच्या लेन्स तिथे घरच्यासारख्या चालतात. रानवाट, लेन्स आणि बॉडी दोन्ही विका आणि इकडे या.

टकमक
घरच्यासारख्या, पण पंगतीत जरा खालच्या बाजूला. सोनीच्या ए९ किंवा ए१ बॉडीवर थर्ड पार्टी लेन्स लावली की सेकंदाला १५ फ्रेमच्या वर जात नाही, सोनीची स्वतःची २० आणि ३० ला जाते. पक्ष्यांच्या उड्डाणात हा फरक पडतो.

फ्रेमबाहेर
आणि कॅनन आरएफचं (त्यांच्या मिररलेस माउंटचं) काय? २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या लेन्स कंपनीला ऑटोफोकसवाल्या आरएफ लेन्स बंद करायला लावल्या होत्या.

एडिसनचा_मराठी
हो, पण २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना मिळाला, फक्त क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरच्या) लेन्ससाठी. निकॉन झेडवर (निकॉनच्या मिररलेस माउंटवर) तर टॅमरॉनची ७०-३०० परवान्याने २०२२ मध्येच आली. परवाना म्हणजे अंदाजाने नक्कल नाही, कागदोपत्री माहिती मिळते. मला वाटतं मिरजकरांच्या तक्रारीचं खरं उत्तर हेच.

खंड्या
मिररलेसने कायमचा फ्रंट-बॅक फोकस जवळपास गेला हे मान्य. पण लहरीपणा पूर्ण गेला असं म्हणू नका. लेन्सची मोटर आणि तिचं फर्मवेअर नीट नसेल तर मिररलेसवरही सलग फोकसमध्ये आठ फोटो कडक आणि दोन मऊ येतात. काही मोठ्या ॲपर्चरच्या लेन्समध्ये फोकस शिफ्ट असतो, म्हणजे ॲपर्चर बंद करत गेलं की फोकसची पातळी मागे सरकते. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोकस करून एफ/२.८ वर फोटो काढला की डोळा जातो आणि कान येतो. ते काचांच्या रचनेतलंच असतं, कुठलाही प्लस-मायनस सगळ्या ॲपर्चरला एकदम लागू पडत नाही.

मिरजकर, तुमच्या ८५ चं पण सांगतो. फुल फ्रेमवर ८५ एमएम एफ/१.४ ला दोन मीटरवर सगळी मिळून साधारण साडेचार सेंटीमीटर खोली शार्प असते. नवरी अंतरपाटामागे जरा डोललीच तरी निम्मी गेली. त्यात मंडपातला पिवळा-जांभळा एलईडी. फेज डिटेक्ट सेन्सरचा (म्हणजे वर सांगितलेल्या एएफ सेन्सरचा) अंदाज प्रकाशाच्या रंगाप्रमाणे बदलतो, उन्हात बरोबर असलेली लेन्स पिवळ्या दिव्यात सरकू शकते. म्हणून कॅलिब्रेशन ज्या उजेडात तुम्ही जास्त काम करता त्यातच करायचं. दिवसा गच्चीत करून रात्री रिसेप्शनला गेलात तर आकडे जुळतीलच असं नाही.

लग्नफोटो_मिरज
हे उजेडाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. दुकानातही नाही. ट्यूबलाइटखाली चाचणी करून घेतली होती मी ती लेन्स. असो, आता ती नाही, पण भाच्याकडे एक थर्ड पार्टी ३५ आहे, त्याला हा धागा पाठवतो.

चिमणचारा
अंतरपाटामागे डोलणारी नवरी 😄 माझ्या लग्नातले फोटो आठवले.

रानवाट
आलो. चाचणी झाली.

सकाळी सातला गच्चीवर, वर्तमानपत्राचं पान पाण्याच्या टाकीच्या भिंतीला, १५ मीटर, बाजूला तिरकी पट्टी. ६०० ला लाइव्ह व्ह्यूचे सगळे कडक, बारीक अक्षरं सुद्धा वाचता येतायत. व्ह्यूफाइंडरचे सगळे मऊ, आणि पट्टीवर बघितलं तर फोकस दरवेळी साधारण त्याच जागी, पानाच्या अलीकडे. ३०० ला दोन्हीकडे सारखंच, म्हणजे तिथे दोष नाही.

म्हणजे खंड्या म्हणाले तसं कायमचा फ्रंट फोकस आहे आणि फक्त लांबच्या टोकाला. मग बर्स्टमधला तो लहरीपणा कुठला? गच्चीवर तर तो दिसलाच नाही.

खंड्या
भिगवणचे फोटो किती वाजताचे होते? आणि एएफ-सी (सलग फोकस) मध्ये का? निकॉनच्या मेनूत ए१ ला (एएफ-सी मध्ये आधी फोटो की आधी फोकस हे ठरवणारी सेटिंग) काय आहे?

रानवाट
कुंभारगावहून सातला निघालो, पण हे फोटो दहा-साडेदहाचे. एएफ-सी. ए१ ला 'रिलीज'.

खंड्या
बरंचसं उत्तर तिथेच आहे. 'रिलीज' म्हणजे फोकस लागो न लागो, बटण दाबलं की फोटो. लेन्स फोकसकडे सरकत असतानाच फोटो पडत जातात आणि त्यातला एखादा बरोबर जागी सापडतो. 'फोकस' करून बघा, वेग थोडा कमी होईल पण फेकून द्यायचे फोटो कमी होतील. शिवाय एफ/६.३ ला एएफ सेन्सरला प्रकाशही कमी मिळतो. डी७२०० चा मधला पॉइंट एफ/८ पर्यंत चालतो, बाजूचे तेवढे नाहीत, म्हणून पक्ष्यांना मधलाच पॉइंट वापरा.

दुसरं, उजनीच्या (भिगवणच्या जलाशयाच्या) पाण्यावर दहानंतर हवा थरथरते. दूरचा रोहित (फ्लेमिंगो) ६०० मधून बघितला की त्याच्या पायांच्या कडा हलताना दिसतात, ते डोळ्यांनीही कळतं. तिथे निकॉनची २००-५०० लावा नाहीतर काही लाखांची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावा, हवा दुरुस्त होत नाही. जवळ जायचं किंवा लवकर जायचं.

आणि क्रॉप सेन्सरवर ६०० एमएम एफ/६.३ ला १५ मीटरवर एकूण खोली १५-१६ सेंटीमीटर. तुमच्या फ्रंट फोकसने त्यातली बरीचशी आधीच खाल्ली होती, त्यामुळे होडी जराशी हलली तरी मऊ फोटो येत होता. कायमचा दोष काढलात की बाकीचाही त्रास कमी झाल्यासारखा वाटेल.

फ्रेमबाहेर
मग निष्कर्ष डॉकच ना? बॉडीत एकच आकडा, आणि यांचा दोष एकाच टोकाला.

खंड्या
हो. फक्त बॉडीतलं फाइन-ट्यून शून्यावर ठेवून डॉकमध्ये करायचं, दोन्हीकडे आकडे घातलेत तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. फ्रंट फोकस आहे म्हणजे प्लसकडे जायचं. एकदम मोठी उडी नको, पाच-पाचने. प्रत्येक बदलानंतर परत गच्ची. आणि ६०० पासून सुरुवात करा.

निवांत_पुणे
+१. आणि डॉकला लावताना लॅपटॉप चार्जिंगला ठेवा, फर्मवेअर अर्ध्यात तुटलं तर पंचाईत.

रानवाट
डॉक घेतला. ६०० ला लांबच्या दोन अंतरांना प्लसमध्ये आकडे दिले, ३०० आणि त्याखाली हात लावला नाही. गच्चीवर आता व्ह्यूफाइंडर आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये फरक शोधावा लागतो. ए१ 'फोकस' केलं. काल पाषाण तलावावर कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडताना मिळाला, त्या बर्स्टमधले बहुतेक फोटो डोळ्यावर. लेन्स विकत नाहीये.

टकमक
फोटो टाका, नुसतं सांगू नका!

चिमणचारा
खंड्यांनी सांगितलं आणि खंड्याच मिळाला, वा.

सावळा_मेघ
एक शंका, उद्या ही लेन्स विकली तर हे आकडे पुढच्या माणसाकडे जाणार का?

प्रकाशछाया
जाणार. डॉकचे आकडे लेन्समध्येच लिहिले जातात, बॉडीत नाही. ते तुमच्या बॉडीसाठी काढलेले असतात, दुसऱ्याच्या बॉडीवर चुकू शकतात. म्हणून विकण्याआधी डॉकला लावून सगळे शून्यावर आणा, आणि सेकंडहँड घेताना समोरच्याला हा प्रश्न नक्की विचारा. बॉडीतलं फाइन-ट्यून मात्र बॉडीतच राहतं. निकॉनच्या बऱ्याच बॉडी लेन्सचा सिरीयल नंबर बघत नाहीत, मॉडेल बघतात, त्यामुळे त्याच मॉडेलची दुसरी लेन्स लावली तरी जुनाच आकडा लागू होतो. तो पण तपासा.

रानवाट
फोटो संध्याकाळी टाकतो. पुण्यात कोणाला याच कंपनीच्या लेन्ससाठी डॉक दोन दिवस हवा असेल तर विचारपूस करा, देईन. निकॉन माउंटचा आहे, कॅननवाल्यांना चालणार नाही.